डायरेक्ट केलेला पंखा

तोतारामच्या ट्रकजवळ उभं राहून चार शब्द बोलायचे, तर माणसाला घसा फोडूनच बोलावं लागे. आवाज हॉर्नचा नव्हता, सायलेन्सरचाही नव्हता. पंख्याचा होता. पंखा म्हणजे केबिनमध्ये ड्रायव्हरच्या तोंडासमोर गरगरतो तो चिमुकला नव्हे हो. रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या तोंडाशी असतो तो, परातीएवढा. यंदाच्या उन्हाळ्यात रावेरच्या केळीच्या बागांत तो पंखा असा काही घोंगावला की बांधावरची वानरंसुद्धा ट्रक दिसला की उठून पलीकडच्या मळ्यात जात. "आलं रे तोताराम नानाचं विमान," म्हणत लोक हसायचे. तोतारामही हसायचा. लोक हसले की आपणही हसायचं, हे त्याला सहा वर्षांपासून चांगलं जमलं होतं.

कारण त्याला ऐकू येत नव्हतं. आता सांगूनच टाकलं, झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. झाकलं म्हणूनच तर हे सगळं झालं.

माणूस मूळचा धुळ्याकडचा, शिंदखेडा तालुक्यातला. बाविसाव्या वर्षी रावेरला आला आणि केळीच्या ट्रकवर चिकटला तो एकतीस वर्षं. जुन्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून, वर गोधडी टाकलेली. त्या गोधडीशेजारी बसून त्यानं दिल्लीच्या किती खेपा मारल्या, देव जाणे. इंजिन डाव्या बाजूला, म्हणून डावा कान आधी गेला आणि उजवा त्याच्यामागून. एकदम गेला असता तर बोंब तरी मारता आली असती. तो गेला हप्त्याहप्त्यानं. आधी इंडिकेटरची टिकटिक गेली. मग मोबाईल वाजेनासा झाला. तोताराम मोबाईललाच शिव्या देई. मग एके दिवशी पाहतो तर वच्छलाबाई समोर उभी, तोंड हलतंय, आणि आवाज म्हणून नाही.

वच्छलाबाई, त्याची बायको, आधी चिडली. "मी कवयनी सांगी ऱ्हायनू, तुमनं ध्यान कथा शे?" असं दिवसातून दहादा व्हायचं. पण बाईच्या जातीला कळायला किती वेळ लागतो? दोन महिन्यांत तिच्या सगळं ध्यानात आलं. जळगावला दाखवू, कानात मशीन बसवू, म्हणाली. तोतारामनं ताटावरून उठून हात धुतले. कानात मशीन घातलेल्या ड्रायव्हरच्या हातात ट्रक कोण देईल?

तुम्ही म्हणाल, पोटाचा प्रश्न होता. नव्हता. घर होतं, पोरगी चोपड्याला सुखात नांदत होती, दोन वेळची भाकर कुणी अडवलेली नव्हती. अडलं होतं ते एवढंच, की स्टेअरिंग सुटलं तर तोताराम कोण? एकतीस वर्षं लोकांनी त्याला त्या खिडकीतच पाहिलेला. खाली उतरून तो चार पावलं चालला की आपण कुणी दुसरेच आहोत असं त्याचं त्यालाच वाटे. ही खिडकी सुटू नये, एवढ्यासाठी त्यानं सहा वर्षं जिवाचं रान केलं. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून डोळे सतत आरशावर. बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर. आणि उजवा तळवा कायम दाराच्या पत्र्यावर.

तो तळवा दिवल्यासाठी होता. दिवल्या पाल गावाच्या पलीकडच्या, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. केळी कापणाऱ्या टोळीचा तो मुकादम आणि त्याची बायको मोतीबाई घड वाहणाऱ्यांत. बागेतला रस्ता तो केवढा! दोन्ही अंगाला केळीची पानं ट्रकला घासतात, तिथून भली मोठी गाडी मागं मागं घ्यायची. मागं एक माणूस उभा राहतो आणि हातातल्या दगडानं फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या पत्र्याच्या दारावर, थाप मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. इकडं सगळ्या बागांत हीच रीत आहे. नऊ वर्षं तोतारामच्या ट्रकमागं दिवल्याच उभा राहिला. थाप फाळक्यावर पडली की पत्र्यातून सरसरत पुढं यायची आणि तोतारामच्या तळव्याला लागायची. कान गेल्यावरही ती आली. एवढी नेमकी, की तोताराम वीतभर अंतरात गाडी उभी करी आणि बघणारे तोंडात बोट घालत.

दिवल्याला त्याचं फार कौतुक. दुसऱ्या गाड्यांवरच्या लोकांना छाती पुढं काढून सांगायचा, "आमच्या तोताराम दादाला माझा हात कळतो."

चैत्रात एक दिवस घात होता होता राहिला. व्यापाऱ्याचा माणूस भूषण, माल भरून घेण्याचं सगळं तोच बघतो, त्यानं तोतारामला पाठीमागून तीनदा हाक मारली. गाडी बंद, आजूबाजूला शांत, आणि तोताराम आपला बिडी ओढत डोंगराकडं बघतोय. भूषणनं येऊन खांद्यावर हात ठेवला. "नाना, बहिरे झालात का काय?" चौघं खदाखदा हसले. तोतारामही हसला. भूषण पुढं सहज म्हणाला, "शेठ म्हणत होते, पावसाळ्याआधी पन्नाशीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे-कान तपासून घ्यायचे." हे सगळं तोतारामला ओठांवरून नीट वाचता आलं. त्यानंतर आठ दिवस त्याला घास गिळवेना. कुठं सावली हलली तरी मागं वळून बघे. वच्छलाबाईनं पुन्हा मशीनचं काढलं तर तिच्या अंगावर ओरडला, आणि आपण किती मोठ्यानं ओरडलो हेही त्याला शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या तेव्हा कळलं.

मग वैशाख लागला आणि पंखा गेला.

आपल्याकडचं ऊन काय सांगायचं! पंचेचाळीस, सेहेचाळीस. स्टेअरिंगला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. भरल्या गाडीचा काटा भर रस्त्यात लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट उठले. रावेरहून अभिमन मेकॅनिक आला. नव्या गाड्यांचा पंखा सारखा जोरात फिरत नाही. इंजिन तापलं की त्याचा क्लच धरतो, पंखा गर्जत फिरतो, इंजिन निवलं की क्लच सोडतो आणि आवाज बसतो. तो क्लचच मेला होता. नवा मागवायचा, तर चार दिवस. अभिमननं मग उन्हाळ्यात सगळे करतात तेच केलं: दोन बोल्ट आवळून पंखा इंजिनाला कायमचा जखडून टाकला. याला म्हणतात डायरेक्ट करणं. इंजिन चालू आहे तोवर पंखा पुऱ्या जोरानं फिरणार, गरज असो नसो.

"चार दिवस कळ काढ भो," अभिमन म्हणाला. "क्लच आला की बोल्ट काढून देतो. तोवर कान सांभाळ."

दुसऱ्या दिवशी तोताराम ती गाडी घेऊन बागेत आला आणि चमत्कार झाला. भूषण खिडकीखाली येऊन ओरडायला लागला, "काऽय? काय म्हणता?" टोळीतली माणसं एकमेकांना खुणा करू लागली. जो तो कानामागं हात नेतोय, जो तो "काय" म्हणतोय. तोताराम वरून बघतच राहिला. या पंख्याशेजारी सगळेच बहिरे! सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. आता कुणाची हाक ऐकू आली नाही तर दोष पंख्याचा. त्या दुपारी त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

क्लच चार दिवसांत आला. तोताराम गेला नाही. अभिमनचा फोन वच्छलाबाईनं घेतला, निरोप दिला. तोताराम म्हणे, आज खेप आहे, उद्या जातो. मग अभिमन स्वतःच बागेत आला. "अरे, डिझेल खातोय तो, इंजिनाचा जोर खातोय, गाडी चढाला दम तोडते. चल, अर्ध्या तासाचं काम आहे." तोताराम आभाळाकडं बोट दाखवून म्हणाला, एकदा उकळलंय इंजिन, आता माझा त्या क्लचवर भरवसा नाही, पाऊस पडला की काढू. उन्हाचं कारण या जिल्ह्यात कुणालाही पटतं. अभिमन डोकं हलवत निघून गेला.

पण एक गोष्ट तोतारामला पहिल्याच दिवशी कळली होती. पंख्यानं सगळा पत्रा थरथरायला लागला होता. तळवा दाराला लावला की नुसता पंखाच लागायचा. दिवल्याची थाप त्यातून येत नव्हती. त्याच दिवशी गाडी अभिमनकडं न्यायला हवी होती. नाही नेली. ते त्याच्या हातात होतं आणि त्यानं केलं नाही. यापुढं जे झालं त्याला नशीब वगैरे म्हणू नका, मला राग येतो.

तो आरशावर चालवू लागला. आरशात दिवल्याचा लाल रुमाल दिसतोय ना, मग येऊ दे. तसे पंधरा दिवस निघाले. दिवल्यालाही शंका आली असावी, कारण त्यानं दगड मोठा घेतला. एकदा तो मुद्दाम खिडकीखाली आला, दगड वर धरून दाखवला आणि तोंडाचा चंबू करकरून विचारलं, "दादा, एवढ्या पंख्यात माझी थाप येते का ऐकू?"

तोतारामनं ते ओठ स्वच्छ वाचले. नाही म्हणायला काय लागलं असतं? मान हलवायची, बस. तो हसून म्हणाला, "येते रे. तुझी कशी येणार नाही?"

दिवल्या खूश होऊन मागं गेला.

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले असतील. डोंगराकडचा मळा, रस्ता जरा चढाचा, आणि शेवटी ठिबकच्या पाण्याचा सिमेंटचा हौद. गाडी हौदापासून दोन हातांवर उभी करायची होती. चढ म्हणून तोतारामनं रेस दिली, पंखा किंचाळायला लागला. आरशात लाल रुमाल होता. मग तो नव्हता.

दिवल्यानं थांब म्हणून एक थाप मारली होती. नऊ वर्षं मारायचा तशीच. थाप मारली म्हणजे दादा थांबणार, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक. म्हणून मग नेहमीसारखा तो वाकून मागच्या चाकाला दगड लावायला गेला. इकडं माणूस आरशातून गेला की ब्रेक मारायचा, हे तोतारामनं स्वतः किती नव्या ड्रायव्हरांना शिकवलं होतं. पण दर वेळी थांबून मुंडी बाहेर काढली तर लोक विचारतील ना, नाना आता थापेवर का थांबत नाहीत? पलीकडच्या बाजूला गेला असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि गाडी आणखी मागं घेतली. गाडी कशाला तरी अडली. त्यानं रेस वाढवली.

मोतीबाई समोरून धावत आली. डोक्यावरचा घड कुठं टाकला होता कोण जाणे. दोन्ही हात वर, तोंड उघडं, पार मोठं उघडं, आणि त्यातून काही येत नव्हतं. त्या उघड्या तोंडाकडं बघून तोतारामला कळलं.

जळगावच्या दवाखान्यात दिवल्यानं दुसऱ्या दिवशी दुपारी जीव सोडला. पोलीस आले, जबाब झाले. प्रत्येकानं एकच सांगितलं: पंखा. भूषण म्हणाला, "साहेब, आवाजच एवढा होता, देवाला ऐकू आलं नसतं." अभिमन रडत होता, बोल्ट मी आवळले, म्हणत होता. आणि दवाखान्याच्या ओसरीवर मोतीबाईनं तोतारामचा हात हातात घेतला. नवरा आत पांढऱ्या चादरीखाली, आणि ही बाई याची समजूत घालतेय. "दादा, तुम्ही काय करणार? तो पंखाच मेला तसा." तोतारामनं ओठ वाचले आणि मान हलवली. हो म्हणाला तो. त्याच ओसरीवर धरणीनं त्याला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण धरणीला काय पडलंय!

गाडी पोलिसांकडून सुटून आली तेव्हा अभिमननं न सांगता बोल्ट काढले, नवा क्लच बसवला. गाडी गप झाली. तोताराम एकटाच मागं गेला आणि फाळक्यापाशी उभा राहिला. नऊ वर्षांच्या थापांचे पोचे तिथं होते, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, गंजलेले, एकावर एक. आणि खाली, बंपरच्या पत्र्यावर, गुडघ्याच्याही खाली, सात नवे होते. रंग उडून पत्रा पांढरा लख्ख दिसत होता. उभ्या माणसाचा हात तिथं पोचत नाही. तोतारामनं सातही ठिकाणी बोट लावून बघितलं आणि तिथंच मातीत बसला.

घरी वच्छलाबाई म्हणाली, "आते तरी खरं सांगी द्या." तो म्हणाला, सांगून काय तो परत येणार आहे? त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायची थांबली. त्याला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

तेरा-चौदा दिवस गेले आणि टोळी पुन्हा कामावर आली. उन्हाळ्यात केळी थांबत नाही, झाडावर पिकते. तोच मळा नव्हता, पण ट्रक तोच, आणि ड्रायव्हरही तोच. भूषणनं विचारलं, मागं कोण उभं राहील? कुणी पुढं होईना. माणसं जमिनीकडं बघत राहिली. मग मोतीबाई वाकली आणि तिनं एक दगड उचलला.

ती खिडकीखाली आली. वर बघून म्हणाली, "दादा, पंखा गप आहे. आता येईल ना ऐकू?"

तोतारामनं तळवा पत्र्यावर ठेवला. पत्रा शांत होता, थाप आली असती तर लागली असती. म्हणजे अजूनही जमणार होतं. आणखी पाच वर्षं, सात वर्षं, कुणाला काही कळलं नसतं, खिडकी राहिली असती. त्यानं रिव्हर्स टाकला. हातभर गाडी गेली आणि तळव्याला काहीतरी लागलं, हलकंसं. बाईचा हात, नवा हात. दोन थापा होत्या का एक? येऊ दे म्हणाली का थांब? त्याला समजेना. त्यानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, गाडी बंद केली, आणि खाली उतरला.

किल्ली त्यानं भूषणच्या हातात दिली. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आवाज किती मोठा लागला त्याला ठाऊक नाही, पण लांबच्या घडाजवळचे लोकसुद्धा वळले.

भूषण म्हणाला, "नाना, तो पंखा होता, आता..."

"पंखा नाही. सहा वर्षं झाली. पंखा मी ठेवला होता, मुद्दाम, लपायला. त्याची थाप मला हाताला लागायची. पंख्यानं ती बंद झाली, तरी ठेवला." मग तो मोतीबाईकडं वळला. ते सगळ्यात अवघड होतं, आणि त्यानं ते तिच्या तोंडाकडं बघून सांगितलं. "दिवल्यानं मला विचारलं होतं, थाप येते का. मी येते म्हणालो."

मोतीबाईच्या हातात दगड होता. सगळ्यांना वाटलं, आता ती तो मारणार. तोतारामलाही वाटलं, आणि त्यानं डोळे मिटले नाहीत. मारला असता तर त्याला बरंच वाटलं असतं. ती गेली, मागच्या चाकाजवळ वाकली, आणि गाडी घरंगळू नये म्हणून दगड चाकाला लावला. नवरा लावायचा तसाच. मग पाठ फिरवून बागेकडं चालू लागली, आणि चालता चालता काहीतरी बोलली.

तोतारामला फक्त तिची पाठ दिसत होती. बाकी सगळ्यांनी ते ऐकलं, म्हणून आपल्याला ठाऊक. ती म्हणाली, "रोज घरी येऊन सांगायचा. माझा हात दुसऱ्या कुणाला कळो ना कळो, तोताराम दादाला कळतो."

तोतारामनं आजूबाजूच्या तोंडांकडं पाहिलं. कुणी रुमालानं डोळे पुसत होतं, कुणी खाली बघत होतं. त्यानं भूषणचा दंड धरला. "काय म्हणाली ती?" भूषणचे ओठ हलले नाहीत. त्यानं टोळीतल्या एकेकाला विचारलं. सगळे घड उचलायला लागले.

पोलिसांत पुन्हा जबाब झाला, केस चालू आहे, लायसन गेलं. तोताराम आता घरी ओसरीवर बसून असतो. मशीन आणायला जळगावला जाऊ म्हटलं, तर जात नाही. वच्छलाबाई पुन्हा बोलायला लागली आहे, ओठ हलवून, सावकाश. मोतीबाई काय म्हणाली ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे, तसं वच्छलाबाईलाही आहे. तो रोज तिला विचारतो, ताट पुढ्यात आलं की विचारतो. ती हात हलवून म्हणते, काही नही, जेवा.